हातपाय काटकुळे, पोट पुढे: आपल्याकडचा लठ्ठपणा वेगळा का आहे?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्सचं नाव अचानक देशभरातल्या बातम्यांत आलं. निमित्त होतं समोसा आणि जिलेबी. रोजच्या खाण्यात किती तेल आणि किती साखर दडलेली असते हे सांगणारे फलक कार्यालयांत लावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुचवलं होतं. बातमी घरोघरी पोचेपर्यंत तिचं 'समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार' असं झालं. मंत्रालयाने लगेच खुलासा केला की कुठल्याही विक्रेत्याच्या पदार्थावर इशारा छापायला सांगितलेलं नाही. पण तोवर वाद पेटला होता. कुणी म्हणालं, आमचे आजोबा जिलेबी खाऊन नव्वद वर्षं जगले. कुणी म्हणालं, आधी उपाशी पोरांचं बघा. आणि बहुतेकांनी मनात म्हटलं, हे जाड्या माणसांसाठी आहे, आपला काय संबंध?

या शेवटच्या वाक्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. कारण आमचे नानाकाकाही तेच म्हणाले होते.

गावातली आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरत घरोघरी फिरत होती. काकांचं वजन ६१ किलो, उंची पाच फूट पाच इंच. हातपाय काटकुळे, गालफडं बसलेली. आशाताईने शिंप्याची असते तशी टेप काढली आणि सदरा वर करायला सांगितला. टेप थांबली ९७ सेंटिमीटरवर. काका म्हणाले, "अगं पोरी, जाड माणसं सोडून माझं काय मोजत बसलीस?" ती म्हणाली, "काका, आम्हाला वजन नाही, कंबर लिहायला सांगितलीय." तिच्या फॉर्मवर पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही रेघ आखलेली आहे. रेघेच्या वर गेलात की गुण वाढतात, आणि हे गुण वाढणं वाईट. पुढे तालुक्याला तपासणी झाली तेव्हा काकांच्या रक्तात साखर निघाली. ती बरीच वर्षं असावी, असं डॉक्टर म्हणाले.

## लठ्ठपणा मोजतात कसा?

जगभर वापरलं जाणारं माप म्हणजे बीएमआय. किलोतलं वजन घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. या सूत्राचा जनक एकोणिसाव्या शतकातला बेल्जियमचा गणिती अडॉल्फ केटले. त्याला आजार शोधायचे नव्हते, 'सरासरी माणूस' कसा असतो ते पाहायचं होतं. डॉक्टरांनी हे सूत्र फार पुढे, १९७२ नंतर उचललं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त आणि ३० च्या वर गेला की लठ्ठपणा. पण हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांच्या अभ्यासांतून आले होते. आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार त्याच्या कितीतरी आधी गाठतात, हे लक्षात आल्यावर भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये रेघा खाली आणल्या. २३ च्या वर जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट सात इंच उंचीच्या पुरुषाच्या बाबतीत ही रेघ साधारण ६६ आणि ७२ किलोंवर येते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनाही तिथले डॉक्टर याच कारणाने वेगळी, खालची रेघ लावतात.

आता काकांचा बीएमआय काढू. तो येतो २२.४. म्हणजे खाली आणलेल्या रेघेनेसुद्धा काका अगदी ठणठणीत. वजनाच्या काट्याने त्यांना पास केलं आणि कमरेच्या टेपने पकडलं. असं का झालं, याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलेलं आहे.

## दोन डॉक्टर, एकच आकडा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघंही सडपातळ. दोघांचा बीएमआय दशांशासकट सारखा, २२.३. फक्त खाली शरीरातल्या चरबीचं प्रमाण दिलं होतं. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त.

काट्यावर एक किलो म्हणजे एक किलो. तो स्नायूंचा आहे, हाडांचा आहे की चरबीचा, हे काट्याला कळत नाही. आपल्याकडे सरासरी माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि तीही पोटात. बाहेरून बारीक, आतून लठ्ठ. मराठीत आपण सहज म्हणतो, "अंगाने काही नाही रे, फक्त पोट सुटलंय." त्या 'फक्त'मध्येच सगळा धोका आहे.

## कणगी, पेव आणि मुकादम

शरीर चरबी साठवतं ते काही वाईट हेतूने नाही. शेतकऱ्याच्या घरी जसं रोजच्या वापराचं धान्य बांबूच्या कणगीत आणि वर्षाचं जमिनीखालच्या पेवात, तशीच शरीराची व्यवस्था आहे. कणगी म्हणजे स्नायू. जेवणातून आलेली साखर आधी तिथे जाते आणि हालचाल केली की वापरली जाते. पेव म्हणजे त्वचेखालची चरबी, मांड्यांवरची, दंडावरची, कुल्ल्यांवरची. जास्तीचं तिथे शांतपणे पडून राहतं. तिथल्या चरबीने फारसं बिघडत नाही.

माल आत ठेवून घेण्याचं काम करतो एक मुकादम. त्याचं नाव इन्सुलिन. स्वादुपिंडातून निघणारं हे रसायन जेवणानंतर रक्तातून फिरतं आणि जिकडेतिकडे सांगतं, "पोती आत घ्या."

आता समजा कणगी लहान आहे आणि कुणी हालत नसल्याने भरलेलीच आहे. पेवही लहान आहे आणि काठोकाठ आलंय. माल मात्र रोज येतोच आहे. मग तो जिथे ठेवायची जागा नाही तिथे ठेवला जातो. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात. जणू धान्याची पोती चुलीजवळ, न्हाणीत आणि देवघरात रचली. यकृत चरबीने भरलं की त्याला आपण 'फॅटी लिव्हर' म्हणतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आजकाल हा शब्द इतका नेहमीचा झालाय की लोक तो वाचून कागद घडी करून ठेवतात.

अडगळ झालेल्या घरात मुकादमाची हाक कुणी ऐकत नाही. तो जास्त ओरडतो, म्हणजे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. काही वर्षं अशी निभतात. मग मुकादमाचा घसा बसतो आणि पोती रस्त्यावरच राहतात. रस्ता म्हणजे रक्त. मधुमेह म्हणतात तो हाच. पोटातली ही चरबी शिवाय गप्प बसत नाही. ती सतत काही रसायनं सोडत राहते, त्याने रक्तवाहिन्या आतून सुजतात, रक्तदाब वाढतो.

म्हणून प्रश्न पेव किती मोठं आहे हा नाही. ते फुटलं कधी, हा आहे. मोठं पेव असलेला ९० किलोंचा माणूस काही वर्षं तग धरतो आणि लहान पेव असलेला ६१ किलोंचा माणूस आधीच फुटलेला असतो.

## पण आपलीच कणगी लहान का?

इथे गोष्ट जन्माच्याही मागे जाते. १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. सुमारे ८०० गरोदर बायका काय खातात, किती काम करतात, हे त्यांनी टिपलं आणि मग बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. पुण्याच्या बाळांचं पोट, स्नायू, उंची सगळं कमी होतं, पण पाठीवरची चरबी जवळजवळ तिकडच्या बाळांइतकीच होती. आईच्या पोटात जे काही कमी पडलं त्याची कपात बाळाच्या स्नायूंवर आणि अवयवांवर झाली, चरबी तेवढी राखली गेली. टंचाईच्या जगात जन्मणाऱ्या जिवासाठी ती शिदोरी होती.

या बाळांचा मागोवा पुढेही ठेवला गेला. ती १८ वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्मी मुलं-मुली वजनाने कमीच होती. तरीही त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्क्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली होती. अठराव्या वर्षी, आणि खेड्यात. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

दिल्लीतल्या अशाच एका दीर्घ अभ्यासाने, तोही २००४ मध्येच प्रसिद्ध झाला, आणखी एक धागा जोडला. जी मुलं दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती आणि दोन ते बारा या वयात भराभर अंगाने भरली, त्यांच्यात विशी-तिशीत मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावरची साखर जास्त आढळली. लहानपणी त्यातली फार थोडी 'लठ्ठ' म्हणावी अशी होती. आपल्याकडे गुटगुटीत बालक स्पर्धा होतात, आणि अशक्त जन्मलेलं पोर पाचव्या वर्षी गोबरं झालं की आजी दृष्ट काढते. तिची माया खरीच असते, पण वाढायला हवेत स्नायू आणि उंची, आणि अनेकदा वाढलेली असते ती चरबी.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या महिन्यांत पोटात असलेली बाळं पन्नाशीत आल्यावर तपासली, तर साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची ताकद कमी भरली. हे वाचताना मला आपला १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडणाऱ्या बायका, दुष्काळी कामं, सुकडी. त्या वर्षी पोटात असलेली माणसं आज पन्नाशीच्या पुढे आहेत.

## "आमचे आजोबा तूप-साखर खायचे, त्यांना काही झालं नाही"

खरं आहे, पण तूप किती वेळा मिळायचं हेही आजीला विचारायला हवं. सणाला पुरणपोळी, लग्नात जिलेबी, आणि एरवी भाकरी, कोरड्यास, ठेचा. शिवाय आजोबा शेतापर्यंत चालत जायचे, पाणी शेंदायचे, मोट हाकायचे. कणगी रोज रिकामी होत होती.

आता आपला एक दिवस घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे दिवसाला वरून घातलेली साखर २० ते २५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. दोन चमचे साखर घातलेला एक कप चहा म्हणजे साधारण १० ग्रॅम. सकाळचा, ऑफिसातला, चारचा आणि आल्यागेल्याबरोबरचा, असे चार कप म्हणजे ४० ग्रॅम. मर्यादा चहातच ओलांडली. बिस्किटं, सॉस, लोणचं, कोल्ड्रिंक अजून धरलेलंच नाही.

तेलाचंही तसंच. माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला किलोच्या आत. चार माणसांच्या घरात १५ किलोंचा डबा चार महिने पुरायला हवा. आपल्या घरातला डबा किती दिवस पुरतो, ते वाण्याच्या वहीत लिहिलेलं आहे. आणि यात बाहेरचा वडापाव, मिसळीवरची तर्री, फरसाण धरलेलं नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल आपण आयात करतो, त्यात मोठा वाटा स्वस्त पामतेलाचा. पाच रुपयांच्या चिप्सच्या पुडीमागे हे अर्थकारण आहे.

उपवासही आता शरीराला विसावा देत नाही. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण जुनीच, पण साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर दाण्याचं कूट हा पिष्ट आणि तेलाचा भार शरीराला रोजच्या जेवणापेक्षा जडच जातो.

## "अजून इतकी मुलं कुपोषित आहेत आणि तुम्ही लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात?"

हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि मी त्याचा आदर करते. पण तो दोन वेगळी घरं गृहीत धरतो. एक गरिबाचं, कुपोषणाचं. दुसरं श्रीमंताचं, लठ्ठपणाचं. आकडे वेगळं सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के बायका प्रमाणापेक्षा बारीक होत्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. पुरुषांत १६.२ आणि २२.९. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत जास्त वजनाच्या बायका २०.६ टक्के आणि पुरुष १८.९ टक्के होते. आणि ही मोजणी २५ च्या रेघेने केलेली आहे. रेघ २३ वर आणली तर हे आकडे आणखी फुगतील.

पुण्याच्या गावांनी दाखवलं ते हेच, की हे दोन आजार सख्खे आहेत. कमी खाल्लेल्या आईच्या बाळाला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. एकाच घरात अॅनिमिया झालेली सून, फॅटी लिव्हरचा मुलगा आणि खुरटलेला नातू सापडतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत, त्यांनी कोट्यवधी पोटं भरलीत. पण डाळ, दूध, अंडी, पालेभाजी बाजारातून आणावी लागते. पोट भरणारं स्वस्त आणि अंग भरणारं महाग, असा हा बाजार आहे. त्याच सहा गावांत ज्या गरोदर बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी भरली. त्या गावांतल्या बहुसंख्य गरोदर बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, हेही तिथेच कळलं.

## "तोंडाला आवर घातला की झालं"

लठ्ठ माणसाला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं. शाळेत ढोल्या, लग्नाच्या बैठकीत 'जरा अंगाने आहे', डॉक्टरकडे गेलं तर ताप असो वा पाठदुखी, आधी वजन कमी करा. मला या वाक्याचा राग येतो. कारण त्यात अर्धसत्य आहे.

खाणं कमी केलं की वजन उतरतं हे खरं. पण शरीर उतरलेलं वजन दुष्काळ समजतं. भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं वजन परत चढलं होतं आणि तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ही माणसं आळशी नव्हती. देशासमोर घाम गाळलेली होती.

आणि १९९० पासून सगळ्या जगाची इच्छाशक्ती एकदम कशी ढळेल? २०२२ मध्ये जगात १०० कोटींहून जास्त लोक लठ्ठ होते. भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० मध्ये ४ लाखांच्या आसपास होती, २०२२ मध्ये सव्वा कोटी झाली. मुलं बदलली नाहीत. मैदानं गेली, टपऱ्या-दुकानं शाळेच्या दारात आली, मोबाइल हातात आला.

व्यायामाने सगळं जिरवू असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. एक वडापाव अंदाजे ३०० कॅलरी. एक तास चालून साधारण २०० ते २५० खर्च होतात. चालून खाणं फिटत नाही. तरीही चालायचं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचं, पायऱ्या चढायच्या, उठाबशा काढायच्या. कारण त्याने कणगी मोठी होते.

## घराबाहेर याची किंमत कोण देतं?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक मधुमेही आणि आणखी १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावरचे निघाले. पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के प्रौढांत. नुसता मधुमेह म्हटला तरी मागे डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या जखमा येतात. त्याशिवाय गुडघे, झोपेत श्वास अडकणं, पाळीच्या तक्रारी आणि मूल राहण्यातल्या अडचणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांचा संबंध जास्त चरबीशी जोडला. त्यात मोठं आतडं, गर्भाशय आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोगही आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होतं, आणि त्याने असंख्य घरं वाचली आहेत. पण ती मदत माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर येते. त्याआधीची पंधरा वर्षं रोजच्या गोळ्या, तपासण्या, बुडालेली रोजंदारी हे घर सोसतं. कमावता माणूस पंचेचाळिशीत पडला की मुलीचं कॉलेज पहिलं थांबतं.

## "आता इंजेक्शनं आलीत ना?"

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. जेवल्यावर आतडं मेंदूला 'पुरे' असा निरोप पाठवतं. ही औषधं त्या निरोपाची नक्कल करतात, जठर सावकाश रिकामं होतं आणि भूक शांत राहते. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडने चाचणीत सव्वा वर्षाच्या आसपास सरासरी १५ टक्के वजन उतरलं, मौंजारोने त्याहून जास्त. ज्यांचा लठ्ठपणा तीव्र आहे त्यांच्यासाठी हे मोठं काम झालंय आणि ते घेणाऱ्याला कुणी टोमणा मारू नये.

पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, हेही चाचण्यांतच दिसलं. म्हणजे ते रक्तदाबाच्या गोळीसारखं चालूच ठेवावं लागतं. मौंजारोचा सुरुवातीचा डोस आला तेव्हा महिन्याला १४ हजारांच्या घरात जात होता. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. त्यापुढे देशी कंपन्यांना वाट मोकळी आहे. आपल्यासाठी माझी काळजी मात्र वेगळी आहे. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे मुळात तेच कमी आहेत. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय, पुरेशी प्रथिनं आणि व्यायाम यांच्याशिवाय, लग्नाच्या फोटोसाठी म्हणून हे घेऊ नये.

## कर आणि पाट्या

चिलीने २०१६ पासून पाकिटावर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. मुलांना भुलवणारी कार्टूनं त्या पाकिटांवरून काढायला लावली. गोड पेयांची खरेदी जवळपास एक चतुर्थांशाने घटली. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूवर काय छापायचं हे २०२५ मध्येही ठरलं नव्हतं, त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्यासाठी मुदत घालून दिली होती. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात कोल्ड्रिंक ४० टक्क्यांच्या पायरीवर ठेवलं आणि बिस्किटं, फरसाण ५ टक्क्यांवर आणलं. पहिलं मला पटतं, दुसरं पटत नाही. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांत साखरेचे फलक लावायला सांगितले, ते मात्र चांगलं झालं. मुलं घरी येऊन आईला आकडे ऐकवतात.

## एक सुतळी पुरते

टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, तिची बरोबर अर्धी घडी करा. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, ती पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. मग उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि यकृत तपासून घ्या, काटा काहीही म्हणो. आणि घाबरून जाऊ नका. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत सुमारे ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या चाचणीत हा फायदा २८ टक्क्यांच्या आसपास होता, तोही मोठाच. पोटातली चरबी चढते लवकर, पण उतरतेही आधी तीच.

सहा महिन्यांनी आशाताई पुन्हा आली. काकांची कंबर ९३. वजन जेमतेम दोन किलोंनी कमी, साखर बरीच खाली. तिने टेप गुंडाळली आणि आत हाक मारली, कारण तिच्या पिशवीत दुसरं कार्डही होतं, चौथा महिना लागलेल्या सुनेचं. काकू म्हणाल्या, काकांच्या चहातली साखर बंद झालीय, आणि सुनेसाठी दुधाचा रतीब अर्ध्या लिटरने वाढवलाय.